पडणं, पाडणं आणि काही इंग्रजी शब्द

शेअर बाजाराच्या बातम्या मी पैशासाठी वाचत नाही, क्रियापदांसाठी वाचतो. (माझी गुंतवणूक पोस्टाच्या पलीकडे फारशी गेलेली नाही हे घरच्यांना माहीत आहेच!) इंग्रजी पेपरात बाजार नुसता 'खाली' कधी येत नाही. तो 'प्लंज' होतो, 'प्लमेट' होतो, 'क्रॅश' होतो, 'नोजडाइव्ह' घेतो, 'टेलस्पिन'मध्ये जातो, 'स्लंप' होतो, आणि फारच झालं तर त्याचा 'मेल्टडाऊन' होतो. एका भाषेला पडण्यासाठी इतके शब्द कशाला लागावेत, हा प्रश्न बरेच दिवस डोक्यात होता. म्हणून एकेका शब्दाचं मूळ शोधायला लागलो, आणि हा निव्वळ शब्दांचा खेळ नाही असं हळूहळू लक्षात आलं. माणसांना कुठल्या काळात कुठून पडायची भीती वाटत होती, त्याचा हा इतिहास आहे.

सुरुवात 'प्लमेट'पासून करू. गवंड्याच्या हातातला ओळंबा तुम्ही पाहिला असेल. दोरीच्या टोकाला जड गोळा, भिंत सरळ आहे की नाही ते बघायला. लॅटिनमध्ये शिशाला 'प्लंबम' म्हणतात. रसायनशास्त्रात शिशाची खूण 'पीबी' आहे ती त्यावरूनच, आणि नळ दुरुस्त करणारा 'प्लंबर' झाला तोही पूर्वी नळ शिशाचे असत म्हणून. जुन्या फ्रेंचमध्ये शिशाच्या छोट्या गोळ्याला 'प्लोमे' म्हणत, तो इंग्रजीत 'प्लमेट' झाला. चौदाव्या शतकापासून पुढची काही शतकं हा शब्द निव्वळ एक वस्तू होता. गवंडी तो भिंतीपाशी धरायचे आणि खलाशी दोरीला बांधून समुद्रात सोडायचे, पाणी किती खोल आहे ते कळायला. 'दाणकन खाली येणे' असं त्याचं क्रियापद पार १९३० च्या दशकात झालं.

'प्लंज' हा त्याचाच भाऊ. शिशाचा गोळा पाण्यात टाकण्याच्या क्रियेवरून तो आला. म्हणजे आज 'सेन्सेक्स प्लंजेस' असं वाचताना खरं तर आपण एका खलाशाला गलबताच्या कडेला उभं राहून दोरी सोडताना पाहत असतो. गंमत पुढेच आहे. 'अप्लॉम' हा शब्द इंग्रजीत कमालीच्या शांतपणासाठी, न डगमगण्यासाठी वापरतात. तोही याच शिशाचा! ओळंब्यासारखा सरळ उभा, म्हणून न डगमगणारा. एकच धातू, एका शब्दात माणूस ताठ उभा आहे आणि दुसऱ्यात तळाला चाललाय.

दुसरं कुटुंब डोक्याचं. लॅटिनमध्ये 'कापुत' म्हणजे डोकं. डोकं पुढे करून पडणारा तो 'प्राएकेप्स'. त्यावरून 'प्रेसिपिस' म्हणजे कडा आला आणि 'प्रेसिपिटस' म्हणजे कड्यासारखी उभी घसरण आली. पावसाला हवामानखातं 'प्रेसिपिटेशन' म्हणतं तेही हेच, आणि शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळीच्या तळाशी बसणारा साका, तोही 'प्रेसिपिटेट'. पण मला सगळ्यात मजा वाटली ती याची, की 'कॅपिटल' म्हणजे भांडवल हा शब्दही त्याच 'कापुत'चा आहे. भांडवल आणि कडा एकाच डोक्यातून निघालेत. ज्यानं शब्द केले त्याला पुढचं काही दिसलं असेल असं नाही, पण योगायोग बरा जमलाय.

आणि योगायोग म्हटलं की तिसरं कुटुंब. लॅटिन 'कादेरे' म्हणजे पडणे. यातून किती शब्द निघावेत? 'अ‍ॅक्सिडेंट' म्हणजे अंगावर येऊन पडलेलं. 'चान्स' म्हणजे फासा जसा पडेल तसं. 'डिके', 'डेकडन्स' म्हणजे खाली खाली येत कुजणं. 'कॅस्केड' म्हणजे धबधबा. आणि 'पॅराशूट'मधला 'शूट' हासुद्धा फ्रेंचमधला पडण्याचाच शब्द, पडण्यापासून वाचवणारं ते पॅराशूट. अपघात, नशीब आणि ऱ्हास या तिन्ही गोष्टी युरोपातल्या माणसानं एकाच क्रियापदातून सांगितल्या.

आपल्याकडेही फार वेगळं नाही. संस्कृतात 'पत्' धातू आहे. त्यावरून पतन, पतित. पण पतंग हाही त्याच धातूचा. कारण 'पत्'चा अर्थ पडणे आहे तसाच उडणेही आहे! ग्रीकमध्ये याच मुळाची भावंडं आहेत. पंखाला 'प्तेरॉन' म्हणतात (तो हेलिकॉप्टरच्या शेपटीत बसलाय) आणि पडण्याला 'पिप्तेइन', ज्यावरून 'सिम्प्टम' म्हणजे रोगाचं लक्षण आलं. उडणं आणि पडणं यांचं मूळ एकच. तेजीत उड्या मारणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं :-)

असो. बाजाराकडे येऊ.

बाजाराच्या पडण्याला इंग्रजीत जो जुना शब्द मिळाला तो पडण्याचा नाहीच, तो भुताचा आहे. 'पॅनिक'. ग्रीसमध्ये आर्केडियाच्या डोंगरात पान नावाचा एक देव राही, कमरेखाली बोकड आणि वर माणूस. एकांत रानात मेंढरांचे कळप उगाचच उधळत, ते यानं घाबरवलं म्हणून, अशी समजूत होती. भर दुपारी त्याच्या झोपेत व्यत्यय नको म्हणून मेंढपाळ पावा वाजवत नसत. (दुपारी बाराला विहिरीकडे जाऊ नको, असं सांगणारी आजी ज्यांना होती त्यांना हे ओळखीचं वाटेल.) कारण दिसत नाही तरी सगळा कळप पळतो, ती पानची भीती, 'पॅनिक'. अठराव्या शतकात हा शब्द पैशाच्या व्यवहाराला लागला, आणि एकोणिसाव्या शतकात अमेरिकेनं तर पॅनिकची वर्षंच मोजली. १८१९, १८३७, १८५७, १८७३, १८९३ आणि मग १९०७.

'क्रॅश' हा मात्र निव्वळ आवाजाचा शब्द आहे, आपल्या धाडकन, कडाडसारखा. काहीतरी मोडल्याचा आवाज. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो दिवाळखोरीला लावायला लागले. जर्मनमध्ये याच प्रकारचा शब्द आहे 'क्राख'. ९ मे १८७३ ला व्हिएन्नाचा शेअर बाजार कोसळला तेव्हा तो शब्द गाजला. फ्रेंच लोकांनी तो जर्मनांकडून उचलला आणि आजही ते बाजाराच्या आपटण्याला तोच वापरतात. भाषा वेगवेगळ्या, आवाज एक.

'स्लंप'चं मूळ चिखलात आहे. दलदलीत पाय रुतून 'पचक्' असं आत जाणं म्हणजे स्लंप. सतराव्या शतकात हा शब्द चिखलात चालणाऱ्यांचा होता, १८८० च्या दशकात तो भावांना लागला. ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकातल्या हलाखीला 'द स्लंप' असंच म्हणत. मला हा शब्द त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतो. क्रॅशमध्ये एक आवाज होतो आणि संपतं. चिखलात रुतलेला माणूस मात्र तिथेच असतो, दुसऱ्या दिवशीही.

मग विमानं आली आणि त्यांच्याबरोबर पडण्याची एक नवी जागा आली. 'नोजडाइव्ह' आणि 'टेलस्पिन' हे दोन्ही शब्द १९१० च्या दशकातले, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या आसपासचे. विमानाचा वेग फार कमी झाला की पंखावरची हवा सुटते, एक पंख आधी खाली जातो आणि विमान गिरक्या घेत खाली येतं. सुरुवातीच्या वैमानिकांना वाटे की यातून सुटका नाही. ऑगस्ट १९१२ मध्ये विल्फ्रेड पार्क नावाचा एक ब्रिटिश नौदल अधिकारी इंग्लंडमध्ये बऱ्याच लोकांच्या देखत अशा गिरकीत सापडला. सगळे उपाय थकल्यावर त्यानं सुकाणू गिरकीच्या उलट दिशेला पूर्ण दाबलं, आणि जमिनीपासून थोड्याच उंचीवर विमान सरळ झालं. १९१७ मध्ये फार्नबरोला फ्रेडरिक लिंडेमन या शास्त्रज्ञानं स्वतः विमान उडवून, मुद्दाम गिरकीत नेऊन, आतमध्ये बसून मोजमापं घेतली. (हाच पुढे चर्चिलचा सल्लागार झाला.) तेव्हापासून गिरकीतून बाहेर कसं यायचं हे वैमानिकांना शिकवतात. उलट सुकाणू, आणि मन कितीही नाही म्हणालं तरी नाक थोडं खाली.

आता बघा. 'टेलस्पिन' हा शब्द अर्थकारणात आला तो एकटाच आला. त्यातून सुटायची विद्या मागेच राहिली. 'अर्थव्यवस्था टेलस्पिनमध्ये' असं वाचलं की वाचणाऱ्याला वाटतं आता काही इलाज नाही. पण जिथून शब्द आला तिथल्या लोकांनी इलाज शोधूनही शंभर वर्षं झाली.

१९२९ ची गोष्ट इथे सांगायला हवी. न्यूयॉर्कचा बाजार त्या वर्षी २४ आणि २९ ऑक्टोबरला पडला, हे दिवस इतिहासात प्रसिद्ध आहेत. दिवाळखोर लोक खिडक्यांतून उड्या टाकत होते हे चित्रही आपल्या डोक्यात पक्कं आहे. जॉन केनेथ गालब्रेथ या अर्थशास्त्रज्ञानं त्या क्रॅशवर पुस्तक लिहिताना आत्महत्यांचे आकडेच काढून पाहिले, तर त्या दोन महिन्यांत अशी लाट आलीच नव्हती. मग खरं काय झालं? ३ सप्टेंबर १९२९ ला डाऊ जोन्स निर्देशांक ३८१ होता. ८ जुलै १९३२ ला तो ४१ झाला. म्हणजे शंभरातले एकोणनव्वद गेले, आणि जायला जवळजवळ तीन वर्षं लागली. पुन्हा तो आकडा दिसायला १९५४ उजाडलं. १९३३ मध्ये अमेरिकेत काम करणाऱ्या दर चौघांमागे एकाच्या हाताला काम नव्हतं. क्रॅशचा आवाज एका आठवड्याचा, चिखल पंचवीस वर्षांचा. इतिहासाला नाव मात्र आवाजाचं मिळालं.

या काळात शब्दांची एक वेगळीच घसरण सुरू झाली. पूर्वी बाजार पडला की 'पॅनिक' किंवा 'क्रायसिस' म्हणत. 'क्रायसिस' हा मूळचा ग्रीक वैद्यांचा शब्द, रोगी वाचणार की जाणार ते ठरवणारा क्षण. हे शब्द फार घाबरवतात म्हणून त्यापेक्षा मवाळ शब्द रूढ होत गेला, 'डिप्रेशन'. डिप्रेशन म्हणजे काय, तर खाली दाबलेलं, साधा खळगा. राष्ट्राध्यक्ष हूवर हाच शब्द वापरत. पण लोकांनी त्या खळग्यात इतकी वर्षं काढली की तो मवाळ शब्दच सगळ्यात भयानक होऊन बसला. १९३७ मध्ये घसरण पुन्हा सुरू झाली तेव्हा तो कुणाला तोंडात नको होता. मग आणखी मवाळ शब्द पुढे आला, 'रिसेशन'. चर्चमध्ये प्रार्थना संपल्यावर धर्मगुरू रांगेनं आत परत जातात त्यालाही रिसेशन म्हणतात, 'प्रोसेशन'च्या उलट. किती सभ्य! कुणी पडलं नाही, कुणी बुडालं नाही, मंडळी फक्त शिस्तीत मागे सरली.

याचा कळस १९७८ मध्ये झाला. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांचे महागाईविषयक सल्लागार आल्फ्रेड कान जाहीरपणे म्हणाले की महागाई आटोक्यात आली नाही तर डिप्रेशन येऊ शकतं. व्हाइट हाऊसमधून त्यांना समज मिळाली, हा शब्द पुन्हा नको. कान मिस्कील गृहस्थ होते. त्यांनी त्यापुढे डिप्रेशनऐवजी 'केळं' म्हणायला सुरुवात केली. आपल्याला पंचेचाळीस वर्षांतलं सगळ्यात वाईट केळं येऊ शकतं, अशा अर्थाचं. त्यावर केळी विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीनं तक्रार केली. मग त्यांनी केळं सोडून 'कमक्वाट' हे छोटं संत्र्यासारखं फळ धरलं. हसू येतं खरं, पण शब्द बदलल्यानं घसरण थांबत नाही, हे इतक्या थोडक्यात दुसऱ्या कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही.

त्यानंतरचा मोठा शब्द 'मेल्टडाऊन'. १९३० च्या दशकात तो आईस्क्रीमच्या धंद्यात वितळण्यासाठी वापरत. मग अणुभट्टीचा गाभा वितळण्यासाठी तो घेतला. १९७९ मध्ये अमेरिकेत थ्री माइल आयलंडला अपघात झाला, २६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिल झालं. आणि १९ ऑक्टोबर १९८७ च्या सोमवारी डाऊ जोन्स एका दिवसात ५०८ अंशांनी, म्हणजे २२.६ टक्क्यांनी पडला, तेव्हा न्यूयॉर्क बाजाराच्या अध्यक्षांच्याच तोंडी हा शब्द आला. चेर्नोबिलला दीड वर्षच झालं होतं. लोकांच्या डोळ्यांसमोर जे ताजं भय होतं, तेच शब्द होऊन बाजारात उतरलं.

एका ओळीत मांडायचं तर गलबतांच्या काळात शिशाचा गोळा, पायवाटांच्या काळात चिखल, विमानांच्या काळात गिरकी, अणूच्या काळात वितळणं. २०१२ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख बर्नान्की यांनी 'फिस्कल क्लिफ' हा शब्द गाजवला, म्हणजे हिंडून फिरून पुन्हा कडाच.

आता मुंबईचं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिथला कापूस इंग्लंडला जायचा बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आलेला पैसा शेअरमध्ये गेला. बॅकबेमध्ये समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपनीच्या शेअरवर भरलेले पैसे होते पाच हजार रुपये, तो पन्नास हजारांच्या आसपास गेला. प्रेमचंद रायचंद हे त्या काळाचं सगळ्यात मोठं नाव. एप्रिल १८६५ मध्ये तिकडे जनरल ली शरण आला, युद्ध संपलं, आणि इकडे कापसाचा भाव बसला. वायद्यांची मुदत १ जुलै १८६५ ची होती. त्या दिवशी देणं कुणालाच देता येईना. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत गेलेला शेअर ८७ रुपयांवर आला आणि पुढे बँकच बंद झाली. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईत ८ लाख १६ हजार माणसं होती, १८७२ मध्ये ६ लाख ४४ हजार. सगळी काही शेअरमुळे गेली नसतील, पण कापसाच्या पैशावर फुगलेलं शहर ओसरलं हे खरं. प्रेमचंदांनी चांगल्या दिवसांत दिलेल्या देणगीतून पुढे त्यांच्या आईच्या नावानं राजाबाई टॉवर उभा राहिला. सगळं पडलं त्यातून तो तेवढा उभा आहे.

या प्रकाराला नाव मिळालं 'शेअर मॅनिया'. वर जाताना वेड, म्हणजे रोग. खाली येताना क्रॅश, म्हणजे आवाज. दोन्ही शब्दांत माणूस कुठे आहे? त्या बँकेचे कारभारी होते, त्यांनी आपल्याच माणसांना तारण न बघता कर्जं दिली होती, आणि नंतर चौकशी आयोग बसला. पण शब्द ऐकून वाटतं, जणू हवाच तशी सुटली होती.

इथे मला इंग्रजी क्रियापदांची खरी खोड सापडली. प्लंज, प्लमेट, क्रॅश, स्लंप ही सगळी आपापलं पडणारी क्रियापदं आहेत. बाजार पडतो. कुणी पाडत नाही. वरून खाली यायला गुरुत्वाकर्षण पुरतं, त्याला आरोपी लागत नाही.

मराठी पेपरांतही तसेच शब्द असतात. गडगडणे हा डोंगरावरून सुटलेल्या धोंड्याचा, ढासळणे बुरुजाचा, कोसळणे दरडीचा आणि पावसाचा. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स ३,९३४ अंशांनी, तेरा टक्क्यांहून जास्त खाली आला, मध्ये पाऊण तास व्यवहार थांबवावे लागले, त्या दिवशी यातले बहुतेक शब्द वाचायला मिळाले. पण आपल्याकडे दरड हा अजून पुरता अलंकार झालेला नाही. इंग्रजीत दणदणीत निवडणूक जिंकली की 'लँडस्लाइड' म्हणतात. माळीण, तळिये, इर्शाळवाडी माहीत असलेल्या माणसाला 'दरडीसारखा विजय' असं म्हणवणार नाही.

आणि मराठीत आणखी एक सोय आहे. पडणे आहे तसं पाडणे आहे. बुडणे आहे तसं बुडवणे आहे. एक अक्षर बदललं की पडणाऱ्याच्या मागे उभा असलेला माणूस दिसायला लागतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि लासलगावला भाव खाली आले. असं झालं की पेपर लिहितो, 'कांद्याचे भाव गडगडले'. ट्रॅक्टर घेऊन आलेला शेतकरी म्हणतो, 'भाव पाडले'. बातमी एकच, व्याकरण वेगळं. बंदी योग्य की अयोग्य यावर वाद घालता येईल, शहरात कांदा विकत घेणाऱ्याची बाजूही असतेच. पण भाव आपोआप गडगडला असं म्हटलं तर वादच संपतो.

माझ्या नात्यातल्या एका काकांनी निवृत्तीचे पैसे एका पतसंस्थेत ठेवले होते. (नाव घेत नाही, घरच्यांना माहीत आहे.) एक दिवस कुलूप लागलं. भेटायला येणारा प्रत्येक जण हळहळून म्हणायचा, "काका, पैसे बुडाले हो तुमचे." काका दर वेळी शांतपणे दुरुस्ती करायचे, "बुडाले नाहीत. बुडवले." ते काही व्याकरणाचे मास्तर नव्हते, गिरणीत होते. पैसे परत मिळाले नाहीत. पण शेवटपर्यंत त्यांनी ते क्रियापद बदलू दिलं नाही. तेव्हा मला तो हट्ट वाटायचा. आता वाटतं, हातात उरलेली तेवढीच गोष्ट होती आणि ती त्यांनी नीट सांभाळली.

पडण्यासाठी आपल्याकडचा सगळ्यात जबरदस्त शब्द म्हणजे कडेलोट. रायगडावरच्या टकमक टोकाची गोष्ट शाळेच्या सहलीत सगळ्यांनीच ऐकलेली असते, गुन्हेगाराला तिथून ढकलत असं सांगतात. प्राचीन रोममध्येही टार्पियन कडा होता, फितुरांना तिथून लोटत. इंग्रजीत याच्या जवळ जाणारा एक शब्द आहे, 'डिफेनेस्ट्रेशन', म्हणजे खिडकीतून बाहेर फेकणे. २३ मे १६१८ ला प्रागच्या किल्ल्यात चिडलेल्या सरदारांनी बादशहाच्या दोन अधिकाऱ्यांना आणि त्यांच्या चिटणिसाला खिडकीतून खाली टाकलं. तिघेही वाचले, पण त्यातून तीस वर्षांचं युद्ध पेटलं. कडेलोट काय किंवा हा शब्द काय, दोन्हींत पडणारा एकटा नसतो. लोटणारा हात शब्दातच असतो.

आपण आज संयमाचा कडेलोट म्हणतो, अत्याचाराचा कडेलोट म्हणतो. बाजाराचा कडेलोट कुणी लिहिल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. प्रत्येक वेळी लिहावं असंही नाही. कधी कधी खरंच कुणी ढकललेलं नसतं, साथ येते, पाऊस दगा देतो, जग दुसरीकडे वळतं. तरीपण मथळ्यात 'गडगडला', 'कोसळला', 'प्लंज', 'क्रॅश' असं काही दिसलं की मी एक छोटा उद्योग करतो. त्या जागी 'पाडला' किंवा 'बुडवला' घालून वाक्य वाचून बघतो. बसलं नाही तर सोडून देतो. बसलं, तर मात्र वाक्यात एक जागा रिकामी दिसते, 'कोणी?' ची. मग ती बातमी शेवटपर्यंत वाचतो.

तुमच्या गावात, तुमच्या धंद्यात पडझडीचे, बुडण्याचे आपले म्हणून काही शब्द असतील. कोळ्यांचे, गवंड्यांचे, गिरणीतले, शेतातले. ते जपून ठेवा. पेपरात ते येणार नाहीत.